डाव्या बुटाची चीर

नवऱ्याच्या डाव्या पायाला काही कळत नव्हतं. साखरेच्या आजारानं त्या पायाची जाणीव अशी काही पुसून नेली होती, की टाचणी टोचली तरी वर्तमानपत्रातून मान वर येत नसे. त्यामुळे रबरी बूट गळतो की नाही, हे तो घरी आल्यावर बायको त्याच्या मोज्यालाच विचारायची. मोजा निदान खोटं बोलत नव्हता.

अंगठ्याखाली वाटाण्याएवढी जखम होती. "पाय कोरडा ठेवा, नाहीतर अंगठा जाईल. त्याच्या पुढचं मी आज बोलत नाही," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि नवऱ्याचं काम काय, तर दूध कारखान्यातली फरशी धुण्याचं! आठ तास घोटाभर पाण्यात.

बाजारात दहाच्या पुढे नंबर नव्हता, ह्याचा पाय बाराचा. कारखान्यातला स्टोअरकीपर तीन महिने "मागवलेत" म्हणत होता. घाई का, ते त्याला सांगावं, तर पायाची गोष्ट फुटणार आणि नवरा घरी बसणार.

म्हणून ती कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून शिकून आली. चिरीभोवती सँडपेपरनं घासायचं, स्पिरिटनं पुसायचं, सोल्युशनचा पातळ हात द्यायचा, ते बोटाला लागेनासं झालं की वर ट्यूबचा तुकडा दाबायचा. दोन ठिगळं छान टिकलीही. तिसरी चीर घोट्यापुढच्या घडीवर पडली होती. आज सकाळी ती दुरुस्तीला बसली, तर चीर लख्ख चमकत होती.

"अहो, हे काय फासलंय?"

"सिलिकॉन! बेसिनला लावून उरलं होतं ना. म्हटलं, तुझा एक व्याप कमी." नवरा बक्षीस समारंभाला उभा राहिल्यासारखा उभा होता.

"बरं केलंत," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सिलिकॉन दुधावरच्या सायीसारखं निघून आलं. तिनं घासलं, पुसलं, सोल्युशन लावलं. ते पसरेचना, थेंब थेंब होऊन गोळा झालं. ठिगळानं एका कोपऱ्यातून मान वर काढली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही. शेवटी बूट पिशवीत घालून ती कोपऱ्यावर गेली.

पंक्चरवाल्यानं चिरीवर नख फिरवलं. "सिलिकॉन कोणी लावलं?"

ती पिशवीची घडी घालू लागली.

"दादांचं काम दिसतंय. न विचारता केलेल्या मदतीवर तर आमचा धंदा चालतो, वहिनी." मग तो हसायचा थांबला. "आता ह्यावर काही धरणार नाही. डोळ्यांना दिसत नाही, पण ते मागे राहिलंय. घासत बसलात तर आरपार जाल."

"मग करू काय?"

"नवे घ्या," तो म्हणाला. टकल्याला भांग पाडायला सांगावं, इतक्या सहज.

घरी येऊन तिनं चौथ्यांदा ठिगळ लावलं आणि वरून जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पाठवायची सोय नव्हती. मागे आठवडाभर तसं केलं, तर घामानंच जखम पांढरी पडली होती. दोनची पाळी. एक वाजून गेला होता.

बुटात पाणी ओतून बघावं, तर आतलं अस्तर दोनपर्यंत वाळणार नाही. स्वतःचा पाय घालून बघावा, तर बूट वाकतच नव्हता; तिचे दोन्ही पाय मावले असते त्यात. तेव्हा पाच मिनिटांपुरतं जखमेवर प्लॅस्टिक गुंडाळून तिनं नवऱ्यालाच पाणी भरलेल्या कपड्यांच्या टबात बुटासकट उभं केलं.

"जरा वाका गुडघ्यात. कसं वाटतंय?"

"ठणठणीत कोरडं! अगं, जादू आहे तुझ्या हातात."

तो पाय दुसरं काय सांगणार होता? ती टबाशी गुडघ्यांवर बसली आणि बुटाच्या तोंडातून हात आत सारला. पोटरीवरून खाली, घोट्यापर्यंत. अस्तर कोरडं होतं, त्याच्या अंगानं कोमट झालेलं. तिनं श्वास सोडला. तेवढ्यात दोन बोटांच्या मधून काहीतरी गार, दोऱ्याएवढं बारीक, खाली सरकलं.

"दोन वर्षं मरण नाही आता ह्या बुटांना," वरून नवरा सांगत होता. "त्या स्टोअरकीपरला म्हणावं, ठेव तुझे बूट तुझ्यापाशी."

तिनं आतून चिरीवर बोटं दाबून धरली. पाणी बोटांना वळसा घालून आलं. तिनं अंगठाही लावला.

"अगं, काढ हात. उशीर होतोय."

"थांबा ना जरा," ती म्हणाली, आणि आणखी जोरानं दाबलं.