उलट प्रश्न

दर सोमवारी सकाळी काका शहरातल्या पोलीस ठाण्यांना फोन लावत आणि एकच गोष्ट विचारत. गेल्या आठवड्यात तुमच्या ठाण्यातल्या कुणाच्या हातून गोळी सुटली का? चोरावर, कुत्र्यावर, हवेत, चुकून, कशीही. "नाही" असं उत्तर आलं की लगेच उलट विचारायचं, "म्हणजे एकही नाही, असं लिहू?"

हा नियम वकीलबाईंचा. पोलिसांच्या गोळीबाराची नोंद ठेवणारी ही छोटीशी संस्था त्याच चालवत. त्यांचं म्हणणं, पहिल्यांदा माणूस सवयीनं नाही म्हणतो, दुसऱ्यांदा खोटं बोलताना जीभ जरा अडखळते.

काकांची सगळी नोकरी वाचनालयात गेली होती. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे त्यांना घाम फुटे. फोनवर निदान समोरचा दिसत नाही, एवढंच बरं होतं.

या सोमवारी तेवढंही बरं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी सून ड्यूटीवरून आली ती गणवेशातच स्वयंपाकघरात बसून राहिली. मुलगा फिरतीवर, घरात दोघंच. काकांनी चहा केला आणि गडबडीत साखर दोनदा घातली.

"बाबा, माझ्या हातून गोळी सुटली."

ड्यूटी संपली की पिस्तुलाचं तोंड वाळूच्या पिंपात धरून ते रिकामं करायचं असतं. आधी गोळ्यांची मॅगझिन काढायची, मग वरचा भाग मागे ओढून नळीत राहिलेली गोळी पाडायची, शेवटी चाप दाबून खात्री करायची. तिनं घाईत आधी ओढलं आणि मग मॅगझिन काढली. तोवर एक गोळी नळीत जाऊन बसली होती. त्यात पिंपापाशी सफाईवाल्या मावशी फरशी पुसत होत्या. त्यांची ओली फरशी तुडवायला नको, म्हणून ती लांबच उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून. चाप दाबला. भिंतीचा टवका उडाला तो मावशींच्या डोळ्यात.

"साहेब म्हणाले, मावशी घरी पडल्या असं सांगायचं."

"आणि डोळा?"

"मोठ्या दवाखान्यात लवकर नेलं तर वाचेल म्हणतात. पण कामावरची इजा असेल तरच ठाणं पाठवतं. आणि तसं म्हटलं की माझी नोकरी..." तिनं कप दूर सारला. "बाबा, उद्या आमच्या ठाण्याला विचारू नका ना."

काका हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. खरं तर तिची बदली या ठाण्यात झाली तेव्हाच वकीलबाईंना सांगून हे ठाणं दुसऱ्या कुणाकडे द्यायला हवं होतं. पण विषय कसा काढावा, याची वाक्यं मनात जुळवण्यातच दिवस गेले होते.

आता नंबर फिरवताना दुसरं कुणी फोन उचलेल, एवढीच आशा होती.

"पोलीस ठाणं. बोला."

तिचाच आवाज.

"नमस्कार. गोळीबाराच्या नोंदीसाठी बोलतोय. गेल्या आठवड्यात आपल्या ठाण्यात..."

"निरंक, सर. काही नाही."

सर! सकाळी जिनं डबा भरून हातात दिला होता, ती सर म्हणत होती.

"धन्यवाद," म्हणून काकांनी फोन ठेवला.

"काका, उलट प्रश्न खाल्लात की हो!" वकीलबाई समोरच्या टेबलावरून म्हणाल्या.

"अं? विसरलो वाटतं."

"तुम्ही? वाण्याच्या पाटीवरची वेलांटी सुधारून येणारा माणूस विसरतो होय! लावा बघू परत."

त्या हसत होत्या. त्यांना कसलाच संशय नव्हता. 'बाई, ती माझी सून आहे,' एवढंच म्हणायचं होतं. ते काही निघेना. बाई बघत होत्या, म्हणून काकांनी पुन्हा नंबर फिरवला.

"पोलीस ठाणं. बोला."

"मघाशी राहिलं... म्हणजे एकही नाही, असं लिहू?"

पलीकडे बादलीची कडी वाजली. ओलं फडकं फरशीवरून सरकत होतं, थांबत होतं, पुन्हा सरकत होतं. म्हण गं नाही, म्हणून टाक एकदाची, असं काकांच्या मनात आलं. हे आपल्या मनात आलं, याची त्यांना नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

"एक लिहा," ती म्हणाली. "चुकून सुटली. इथल्या सफाईवाल्या बाईंच्या डोळ्याला इजा झालीय. पट्टी बांधून कामावर आल्यात त्या. लिहिलंत?"

"लिहितोय."

"गोळी माझ्या हातून सुटली. माझं नाव घ्या."

तिनं आडनाव उच्चारण्याआधीच काकांचं ते लिहून झालं होतं.

वकीलबाईंनी मागून येऊन कागद वाचला आणि त्या आडनावावर थबकल्या.

"सून आहे माझी," काका म्हणाले. आता ते अगदी सहज निघालं.

संध्याकाळी ती साध्या कपड्यांत घरी आली. तिला निलंबित केलं होतं. मावशींना दुपारीच ठाण्याच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डोळ्याचं उद्या कळणार होतं.

"तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत ना, बाबा, म्हणून धीर आला," ती म्हणाली. "म्हटलं, घरचा माणूस असून यांना विचारवतं, आणि मला सांगवत नाही?"

बाई बघत होत्या गं, म्हणून विचारलं. वाक्य मनात तयार होतं, अगदी शुद्ध. काका तिच्याकडे न बघता उठले.

"चहा ठेवू?"

"ठेवा. पण साखर एकदाच घाला."