ढगाची शिंगं

नवरा, पुंडलिक, गेल्यापासून कोकिळाच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता, आणि नेरच्या त्यांच्या गल्लीत या गोष्टीची चर्चा मोठ्या चवीनं चालली होती. दोन महिने झाले होते. कोणी म्हणे बाई खंबीर आहे, कोणी म्हणे दगड आहे. जाऊबाई तर तोंडावरच म्हणाल्या, "रडून घे वं माय, नाही त डोक्यावर परिणाम होते." कोकिळा "हो" म्हणायची आणि भांडी घासायला बसायची. तिला काही वाटतच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार? तोंडात भाजी घातली काय नि माती घातली काय, सारखंच. एक प्रश्न तेवढा आत रुतून बसला होता. त्या दिवशी तो जेवला होता, की उपाशीच गेला?

त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. भांडणाचं कारणही धड नव्हतं. तिच्या भावाकडच्या बारशाला तो आला नाही, एवढंच. पण तिने राग काढला तो डब्यावर. पुंडलिकला कण्या अजिबात आवडत नसत. "हे आजाऱ्याचं जेवण हाये," म्हणायचा. तिने मुद्दाम ज्वारी भरडून पांढुरक्या, रवाळ कण्या शिजवल्या आणि डबा गच्च भरला. भाजी नाही, काही नाही. हाताच्या सवयीने तळलेल्या दोन वाळल्या मिरच्या तेवढ्या वर ठेवल्या गेल्या. "खायचं त खा, नाही त राहू द्या," म्हणून डबा त्याच्या पिशवीत कोंबला. तिचं त्याच्याशी तेच शेवटचं बोलणं झालं.

दुपारी तीनला शाळेच्या अंगणात त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं. शाळेतल्या कोण्या भल्या बाईने डबा घासून-पुसून लख्ख करून घरी पाठवला. आता असल्या भलेपणाला काय म्हणावं! डबा रिकामा झाला तो त्याच्या पोटात, की कुत्र्यापुढे, हे विचारायची सोयच राहिली नाही.

पुंडलिक पेंटर आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आल्यावर तो शाळांच्या भिंतींकडे वळला. या शाळेत पोरं खिचडी खायला बसतात तिथली भिंत त्याला मिळाली, आणि गड्याने तिथे स्वतःच्या डब्यातली जनावरं काढायला घेतली. वांग्याचा हत्ती, पाटवड्यांच्या पाठीचं कासव, वरणात डुंबणारं बदक. झुणका करपला त्या दिवशी काळ्या पट्ट्यांचा पिवळा वाघ. बायकोच्या स्वयंपाकाला तोंडाने कधी बरं म्हणाला नाही, सगळं भिंतीवर. त्याचा नियम एकच होता, आधी जेवण, मग जनावर. "चाखल्याबिगर शेपूट कशी काढू? बेचव वाघ पोट्टे बराबर ओळखतात." सुट्टीच्या दिवशी कोकिळाही सोबत जायची. तो काढायचा, ती रंग भरायची.

म्हणून तर निशिगंधा मॅडमचा फोन आला. शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. "ताई, शेवटचं चित्र अर्धवट आहे. तपासणी आलीय. तुम्ही पूर्ण कराल का? नाहीतर त्याच्यावर पांढरा हात मारून टाकते."

"काय काढलं हाये त्यायनं?"

"ढग आहे बहुतेक. त्याच दिवशी सुरू केला होता."

कोकिळाने फोन ठेवला. ढग. म्हणजे जनावर नाही. जेवला असता तर जनावर काढलं असतं. मिळालं उत्तर. उपाशीच गेला माणूस, आणि आपण पाठवला. हे कळूनही तिला काही वाटलं नाही, याचीच तिला थोडी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने शाळेत पोचली. पोरं खिचडीला बसली होती. भिंतीच्या कडेला तो ढग होता, पांढुरका, गोल. ती जवळ गेली. रंग ब्रशने लावलेलाच नव्हता, चिंधीच्या बोळ्याने ठिपका ठिपका टिपला होता. जाड, रवाळ. तिने हात फिरवला. बोटांना कण लागले.

"वर ते दोन हुकासारखे तपकिरी आकडे काय आहेत कोण जाणे," मॅडम म्हणाल्या. "पक्षी असतील."

ते पक्षी नव्हते. वाळून, तळून, वाकलेल्या, देठासकट मिरच्या होत्या. खालचा ढग म्हणजे कण्या होत्या. कण्यांच्या अंगाची, मिरच्यांच्या शिंगांची मेंढी होती ती. डोळे आणि पाय तेवढे राहिले होते.

"शिंगं का ती? अगंबाई!" मॅडम हसल्या. "मग हे एक अर्धंच राहिलंय. तेवढं पूर्ण करा."

कोकिळाने वाकून पाहिलं. दुसरं शिंग मध्येच तुटलं होतं. तुटल्या जागी कड वेडीवाकडी होती आणि तिथे बारीक ब्रशने तीन पांढऱ्या बिया काढल्या होत्या.

"नाही मॅडम," ती म्हणाली, "ते पुरं झालं हाये. अर्धी मिरची त्यायनं खाल्ली."

मॅडमना काही कळलं नाही. कोकिळाने डबी उघडून काळा रंग काढला. ॲक्रिलिक लगेच वाळतो, चूक निस्तरायला वेळ देत नाही, हे तिला ठाऊक होतं. न थांबता तिने चार पाय आणि दोन डोळे काढले. मग खिचडी शिजवणाऱ्या बाईने ताट पुढे केलं तेव्हा ती पोरांच्या पंगतीतच बसली.

पहिल्या घासालाच ती थांबली. खिचडीत मीठ कमी होतं. जिभेला ते कळलं, आणि तोंडात घास तसाच ठेवून कोकिळा हमसून हमसून रडायला लागली. पोरं खायची थांबली. "काय झालं वं बाई?" शिजवणाऱ्या बाईने विचारलं.

"मीठ," कोकिळा कसंबसं म्हणाली, "मीठ कमी हाये."

ती बाई बिचारी ओशाळली आणि मीठ आणायला आत धावली.