मागची बाजू

हॉलच्या चारही भिंती आईच्या विणकामाने भरल्या होत्या आणि तिचं नाव एकाही भिंतीवर नव्हतं. दाराशी मोठा फलक होता: ‘कमलाकर वळसंगकर यांची विणलेली चित्रे’. उर्वी पुण्याहून आली होती ती त्या फलकावर आणखी एक नाव घालून घ्यायला. आईला जाऊन जेमतेम पाच महिने झाले होते.

बाबा चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. आई, गोदावरी, साखर पेठेतल्या तेलुगू विणकरांची लेक. बाबा कागदावर चित्र काढायचे आणि आई ते मागावर विणायची. असं विणताना विणणाऱ्यासमोर कापडाची पाठ असते. चित्र पुढून सुलटं यायला हवं तर समोर ते उलटं ठेवावं लागतं. म्हणून आई बाबांचा कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरायची आणि सहीसकट सगळं मागून गिरवून घ्यायची. उभा जन्म विणताना तिने नवऱ्याची सही उलटीच पाहिली.

“घरातल्या माणसाचं नाव काय लावायचं फलकावर?” बाबा म्हणाले. “भाषणात म्हणणार आहे ना मी, हिची फार मदत झाली म्हणून.”

“मदत,” उर्वी म्हणाली.

“मग काय म्हणू? चित्र मी काढलं. तिच्या हाताला वळण होतं, नाही म्हणत नाही. पण गाण्याच्या बैठकीत तंबोरा कुणी घडवला ते सांगतात का?”

तेवढ्यात हॉलवरचा भीमाशंकर शिडीवरून म्हणाला, “सर, ह्या मेंढराच्या चित्राला लई दोरं लोंबायलेत की. कापून टाकू?”

ते आईचं शेवटचं काम. जेऊरच्या माळावरची मेंढरं, वर मातकट आभाळ. पुढच्या बाजूने बाबांची सही उलटी आली होती, म्हणून त्यांनी ते पाठ दर्शनी करून टांगायला लावलं होतं.

“काप. अगदी मुळापासून,” बाबा म्हणाले. मग उर्वीकडे वळले. “आजारपणात कागद पालथा घालायचा विसरली ती. एवढ्या वर्षांत चुकली नाही, आणि शेवटच्याला चुकली.”

“विसरली नव्हती. फोनवर बोलली होती मला. म्हणाली, या खेपेला कागद तसाच लावलाय. विणताना एकदा तरी मला चित्र सरळ दिसू दे.”

बाबांनी चित्रातल्या सहीकडे पाहिलं. “मला नाही बोलली.”

“तुम्ही मागाजवळ कधी गेला होतात?”

“शेजारच्याच खोलीत तर होतो मी.”

उर्वी शिडीपाशी गेली. “दोरे कापू नका, भीमाशंकर. आईला मागावर हे असंच दिसत होतं. असंच राहू दे.”

“लोक हसतील,” बाबा म्हणाले. “म्हणतील, वळसंगकर सरांना पुढचं-मागचं कळेनासं झालं.”

“मग सांगा ना लोकांना. कुणी विणलं ते सांगा.”

“सांगतो.”

त्यांनी टेबलावरचं कोरं कार्ड ओढलं, खिशातलं पेन काढलं. शाळेचे सगळे फलक रंगवलेला हात. अक्षर अजून कातीव होतं. लिहून झाल्यावर त्यांनी कार्ड तिच्या हातात दिलं. “घे. झालं ना मनासारखं?”

कार्डावर लिहिलं होतं: ‘विणताना झालेल्या चुकीमुळे या चित्राची मागील बाजू मांडली आहे. विणकाम : कै. सौ. गोदावरी वळसंगकर.’

पाहुण्यांची गाडी आली म्हणून बाबा दाराकडे गेले. भीमाशंकर शिडीवरून खाली उतरला. कार्ड वाचून त्याने मान खाजवली.

“ताई, ह्ये लावायचं व्हय? न्हाय लावलं तर कुनाला कळतंय. गेलेल्या माणसाची चूक कशाला चारचौघांत मांडायची?”

उर्वीने एकदा सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात आईच्या हातची, सुबक, सुलटी ‘क. वळसंगकर’ होती.

“लावा,” ती म्हणाली. “दुसरीकडे कुठं तिचं नाव नाही.”

भीमाशंकरने चिकटपट्टी दातांनी तोडली.