जर्दाळूची भिंत

भिंत वाचवली म्हणून मिरवता, मग झाड मारलंत ते कुणाच्या माथी मारू? समितीवाल्यांनो, जर्दाळू उतरेपर्यंत खिळ्यांना हात लावणार नाही, हा शब्द तुमचाच होता.

हेस्टर प्लकरोज ही इंग्लंडातल्या सफक परगण्यातल्या एका जुन्या हवेलीची माळीण. फळझाडांना उन्हाची ऊब मिळावी म्हणून दक्षिणेकडे तोंड करून बांधलेल्या जुन्या लाल विटांच्या भिंतीवर तिच्या बापाने जर्दाळू पंख्यासारखा पसरवला होता. फांद्या कापडाच्या पट्ट्यांनी भिंतीला खिळलेल्या. तिच्या आईचा झगा, भावाचा शाळेचा कोट, सगळं तिथंच. घरातलं कापड विरलं की भिंतीवर जायचं, माळ्यांची रीतच ती.

"खिळे गंजतात, विटा फुटतात," हवेली सांभाळणाऱ्या समितीचा व्यवस्थापक गॅरड हिवाळ्यात म्हणाला होता.

"फुटतायत, मी कुठं नाही म्हणते? एवढा हंगाम जाऊ द्या. मग मीच उपटते."

"ठरलं."

कसलं ठरलं! ईस्टरला हवेली लोकांसाठी उघडायची, तर समितीला भिंत स्वच्छ हवी झाली. फळ नुकतं धरलं होतं आणि माणसं पकडी घेऊन हजर.

"साहेब, शब्द दिला होतात."

"वरून हुकूम आहे, बाई. एवढं जुनं झाड, राहील की उभं."

"जन्मभर भिंतीला टेकून वाढलंय ते. तुमच्या समितीसारखंच. टेकू काढला तर तुम्ही तरी उभे राहाल का?"

एक गवंडी फिस्कन हसला. गॅरडने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचे खिळे त्याने मान खाली घालून उपटले.

संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला. झाड पुढं झुकलं आणि बेचक्यापासून बुंध्यापर्यंत चिरलं. सकाळी गॅरडने ते उचलून नेलं आणि पाटी ठोकली: ऐतिहासिक भिंत. हात लावू नये. आणि ठोकली कशाने? खिळ्यांनी.

ईस्टरला समिती हिरवळीवर चहाला बसली. हेस्टर चिखलाच्या बुटांनी थेट टेबलाशी गेली आणि भिंतीखालून वेचलेल्या ओच्यातल्या चिंध्या केकवर उपड्या केल्या.

"हेस्टर! वेड लागलं का तुला?" गॅरड ओरडला.

"ही माझी आई. हा माझा भाऊ. खा आता केकबरोबर."

तिने उघड्या भिंतीकडे बोट केलं.

"वाचवलीत ना ती? मग सांगा, बांधली कशासाठी होती? कप खाली ठेवा, गॅरडसाहेब. आधी बोला."