कोलेस्टेरॉलचा फेरफार

आमचे दादा, म्हणजे वडील, कंपनीच्या मेडिकलमध्ये नापास झाले. पण हे मी तुम्हाला सांगितलंच नाही, असं धरून पुढे वाचा.

दादा महाळुंग्याच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात. वजन ब्याण्णव किलो, मिसळीवर तर्री दोनदा मागतात. मेडिकलच्या धास्तीने मला म्हणाले, "तू काडीसारखा हायेस, तुझ्यात चरबी कुठनं येनार? माझ्या नावानं रक्त दिऊन ये."

लॅबवाल्याने कंपनीची चिठ्ठी पाहिली, तोंड पाहिलं नाही. मी 'बबनराव, वय छप्पन्न' म्हणून रक्त दिलं.

कोलेस्टेरॉल आलं तीनशे दहा. दादांना फोर्कलिफ्टवरून उतरवून गेटवर बसवलं.

"आरं, वडापाव खाऊन माझं रक्त नासवलंस व्हय!"

"दादा, रक्त माझं होतं."

"नाव माझं हाय ना!"

मग त्यांनी आकुर्डीत स्वतःचं खरं रक्त तपासून घेतलं. एकशे सत्तर. पण आठवड्यात एवढं उतरलं कसं, हे कंपनीला काय सांगणार?

आईला रिपोर्ट ठाऊक आहे, रक्ताची अदलाबदल नाही. ती दादांना उकडलेला दुधी वाढते आणि मी बारीक म्हणून माझ्या भातावर तुपाची धार धरते. दादा माझ्या ताटाकडे बघत जेवतात.

शेवटी मी अर्ज लिहिला: 'मा. व्यवस्थापक, सदर कोलेस्टेरॉल वडिलांच्या नावावरून कमी करून मूळ मालक या नात्याने माझ्या नावे फेरफार करून मिळावे, वडिलांना फोर्कलिफ्ट परत मिळावी, आणि या प्रकरणात माझे नाव कुठेही येऊ नये, ही नम्र विनंती.'