डंकनचा राउंड

नवरदेवाला नीट छळल्याशिवाय बोहल्यावर चढू द्यायचं नाही, ही रीत. छळायचं काम पाठराख्याचं, आणि क्रेगचा पाठराखा डंकन. क्रेग त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आता होणारा मेव्हणा. आई गेल्यापासून डंकनला बहीण हेदर आणि हेदरला डंकन, एवढंच घर उरलं होतं. निघताना हेदरने त्याला बजावलं होतं, काय वाटेल तो गाढवपणा करा, पण माणूस परत आणून द्या.

शनिवारी दीड वाजता डंकन, नेव्हिल आणि आणखी दोन दोस्त अशा चौघांनी मिळून क्रेगला जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला नवरीचा झगा चढवला आणि बेटाकडे जाणाऱ्या वाळूतल्या रस्त्यावर एका खांबाला चिकटपट्टीने करकचून बांधलं. भरतीला तो रस्ता पाण्याखाली जातो. डंकनने वेळापत्रक पाहिलं होतं, अडीचपर्यंत वाळू कोरडी राहणार होती. क्रेगच्या तोंडात सॉसेज रोल कोंबून, "एकेक ग्लास मारून आलोच," असं म्हणून तो निघाला. फेब्रुवारीतला बोचरा वारा, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

पण चार माणसं पबमध्ये बसली की एकेक ग्लासावर भागत नाही. प्रत्येकाने एकदा सगळ्यांना पाजायची. दुसऱ्यांची पिऊन आपल्या राउंडच्या आधी उठणारा माणूस गावातून उठतो. बायकोला सोडलेलं लोक विसरतात, हे विसरत नाहीत. तीन राउंड झाले तेव्हा सव्वादोन वाजले होते. उरला डंकनचा. क्रेगला घेऊन येऊ आणि मग पिऊ, असं त्याने म्हणून पाहिलं.

"लेका, बरोबर स्वतःच्या राउंडलाच तुला क्रेग आठवला," नेव्हिल म्हणाला.

टेबल खिदळलं. डंकनने चार ग्लास आणले. घाईने पिणंही बरं दिसेना, म्हणून बेताबेताने प्यायला. ते पोचले तेव्हा सव्वातीन वाजले होते आणि खांबाचं फक्त टोक पाण्यावर होतं.

चौघे काठावर उभे राहिले. डंकनला रडू येईल असं वाटलं, पण काहीच आलं नाही, जणू दाढ काढण्याआधी दिलेलं इंजेक्शन सगळ्या अंगाला चढलं होतं. मग पाण्यातून क्रेग चालत आला. झगा अंगाला चिकटलेला, मनगटांवर तुटलेली चिकटपट्टी, ओठ जांभळे, एका कानात शेवाळ.

"पाणी गार होतं का रे?" नेव्हिलने विचारलं.

"जरासं," क्रेग म्हणाला. पुढचा श्वास काही त्याने घेतला नाही.

नेव्हिलने त्याचं मनगट धरलं, बराच वेळ धरलं, मग सोडून दिलं आणि आज वारा फारच आहे असं म्हणाला. बाकीच्यांनी मान डोलावली. माणसाच्या तोंडावर, तू मेलायस, असं म्हणणार तरी कसं? सगळे मूग गिळून गाडीत बसले. डंकनने हीटर लावला. बाकीच्या काचांवर वाफ धरली, क्रेगच्या बाजूची काच स्वच्छ राहिली.

दोन तासांनी बाकीचे आपापल्या घरी उतरले तेव्हा क्रेगने विचारलं, "शेवटचा राउंड कुणाचा होता?"

"माझा."

"मग काय करणार," क्रेग म्हणाला. "मीही उठलो नसतो."

शिवी घातली असती तर डंकनला बरं वाटलं असतं.

हेदरने दार उघडलं. क्रेगला पाहून आधी ती हसली, झग्याला हात लावला, मग गालाला. "किती गार पडलायस," म्हणाली आणि त्याला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. डंकन दारातच उभा राहिला. खोटं तयार होतं: हवा वाईट, जरा थंडी बाधली. लग्न पुढच्या शनिवारी, तोवर झाकली मूठ राहिली असती. पण तिने क्रेगच्या छातीवर हात ठेवला आणि काढलाच नाही, तेव्हा त्याच्या तोंडून सगळं निघून गेलं: खांब, भरती, चौथा राउंड.

"तुला वेळ माहीत होती?" तिने विचारलं.

"होती."

"आणि तू बसलास."

"बसलो. लोक काय म्हणतील म्हणून बसलो, हेदर."

ती रडली नाही. तिने किटली लावली, क्रेगच्या कानातलं शेवाळ काढलं, त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. साखर किती, असं त्याला विचारलं. फडताळातून दोन कप काढले आणि फडताळ लावून घेतलं.

डंकन पाणी उकळेपर्यंत थांबला. हेदरने त्याला चहासुद्धा विचारला नाही.