अंगारकीच्या आदल्या संध्याकाळी

शाळेच्या फाटकापाशी कुठली फुलझाडं लावायची, हे ठरवायचं काम मोठ्या बाईंनी मला दिलं. मला! अस्मा बागवानला! नववीत मी हात वर करायलाही लाजायची, आणि यंदा थेट चित्रकलेच्या ज्ञानेश सरांशी वाद घातला. सर म्हणाले, "क्रोटन लावा. बारा महिने रंग."

"सर, पानापाशी कोण थांबतंय? फुलापाशी थांबतात."

कण्हेर मीच खोडली. ती विषारी, आणि बालवाडीची पोरं काहीपण तोंडात घालतात. मोगरा रस्त्यावरून दिसत नाही. मग लाल जास्वंद! बाई हसल्या. "लाव. थंडीत बारामतीहून संस्थेचे साहेब येतील. तेव्हा फुललेली दिसली तर मागच्या आवाराचंही तूच ठरव. नाहीतर सरांचे क्रोटन."

खड्डे खणायला माझ्याबरोबर होती श्रेया, माझ्याच बाकावरची. तिच्या हाताला फोड आले तरी म्हणाली, "आपली बाग हाय."

साहेब येणार मंगळवारी. सोमवारी संध्याकाळी झाडांवर लांबट कळ्या, टोकाला लाल. उद्या नक्की उमलणार! भीती एकच, पहाटे पिशव्या घेऊन फिरणाऱ्या आबा-काकांची. देवाला नेलेलं फूल म्हणजे चोरी नाहीच, असा आमच्या वालचंदनगरचा कायदा. म्हणून मी पहाटेच राखणीला यायचं ठरवलं.

"मग तू जा, झोप लवकर," श्रेया म्हणाली. "पाणी मी घालते."

पहाटे अब्बांची बॅटरी घेऊन पोचले. अजून एकही पिशवी फिरकली नव्हती. ऊन पडलं की लाल दिसेल, म्हणत उभी राहिले. ऊन पडलं. झाडं नुसती हिरवी. जवळ गेले, तर कळ्यांच्या जागी खुडलेले देठ.

साहेब म्हणाले, "हिरवळ छान आहे." ज्ञानेश सर माझ्याकडं न बघताच मागच्या आवारात क्रोटनची जागा मोजायला गेले. चिडवलं असतं तरी बरं वाटलं असतं. श्रेयानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "जाऊ दे गं. नेली असतील कुणीतरी." स्वतःचा रुमालही दिला. मी त्यात मनसोक्त रडले.

शाळा सुटल्यावर गणिताची वही घ्यायला तिच्या घरी गेले. दारातच काकूंनी माझे गाल कुरवाळले. "अस्मा, लई गुणाची गं बाय तू! आज अंगारकी, अन् बाजारात जास्वंद सगळी सुकलेली. श्रेया म्हणली, अस्मानं तिच्या बागेतल्या कळ्या दिल्या. रात्री पाण्यात ठेवल्या, सकाळी बघ कशा उमलल्या!"

देव्हाऱ्यात गणपती लाल फुलांत बुडाला होता. काय सुंदर फुलली होती माझी जास्वंद! कळी आदल्या संध्याकाळी खुडली तरी घरात उमलते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी राखण लावली पहाटेची.

श्रेया आतल्या दारात उभी होती. मान हलवून मला नको-नको म्हणत होती.

"काकू," मी म्हटलं, "फुलं मी दिली नाहीत. पण आता देवापुढची काढू नका."

काकूंचा हात माझ्या गालावरून खाली आला. "श्रेये?"

मी वही न घेताच निघाले. श्रेया अनवाणीच मागं धावली. "आईसमोर कशाला बोललीस? सणाच्या दिवशी?"

"आईसमोर माझं नाव घेऊन खोटं बोलायला चाललं ना तुला?"

"विचारलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस."

"अर्धी दिली असती गं! फाटकाला अर्धी पुरली असती."

ती हळूच म्हणाली, "उद्या परत कळ्या येतील की."

"येतील."

तिचा रुमाल अजून माझ्याकडंच होता. ओला. तो तिच्या हातात दिला आणि शाळेकडं वळले. रोजच्यासारखी ती झारी धरायला माझ्यामागं येत होती. मी मागं वळून म्हटलं, "नको. आज पाणी मी एकटीच घालणार."